वजा अडुसष्ट

ज्याच्यावर उभं राहताना तुम्ही पोट आत ओढून घेता, तो मी. वजनकाटा. पोट आत घेतल्याने एक ग्रॅमही कमी होत नाही, हे इतक्या वर्षांत मला एकालाही पटवता आलेलं नाही. पण आज मी पटवायला बोलत नाहीये. मला कबुली द्यायची आहे. मी जन्मात कधी खोटा आकडा दाखवला नाही, आणि तरीही एका अख्ख्या घराला मी फसवलं. ते सांगून टाकल्याशिवाय माझं ओझं उतरायचं नाही. लोकांची ओझी मोजणाऱ्याला स्वतःचं ओझं असू नये, असं थोडंच आहे?

दिसायला मी साधाच. दोन पावलं मावतील एवढी लोखंडी पाटी, वर काळं रबर, पुढे गोल काचेची खिडकी, आत आकडे आणि एक लाल काटा. माझा जन्म एका परक्या देशातल्या कारखान्यात झाला. तिथे रांगेच्या शेवटी एक बाई उभी असायची. तिने माझ्यावर लोखंडी ठोकळे ठेवले, आधी वीस किलोचा, मग चाळीस, मग साठ. काटा बरोबर रेघेवर आला तेव्हा पाठीवर थाप मारून मला पुढे ढकललं. तेवढीच माझी शाळा. जे वर ठेवतील तेवढंच सांगायचं, आणि त्यापुढे तोंड उघडायचं नाही. या धड्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा मला आता राग येतो.

मला विकत घेतलं ते दादाने. घरात धाकटी बहीण त्याला दादा म्हणते म्हणून आईवडीलही दादाच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणतो. दादा तिकडे औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे. औषधं तोलणारे काटे खरं सांगतात की नाही, हे तपासणं त्याचं काम. काट्यांचा डॉक्टरच म्हणा ना. अशा माणसाने हजार काट्यांतून मला निवडलं, याचा मला कोण अभिमान होता!

निवडलं कशासाठी, तर बॅगा मोजायला. पहिल्यांदा सुट्टीवर येऊन परत जाताना विमानतळावर त्याची बॅग जास्त भरली होती आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर ती उघडून आईने बांधून दिलेले डबे बाहेर काढावे लागले होते. पुढच्या खेपेला तो मलाच बॅगेत घालून घेऊन आला. एका अर्थी आमची अदलाबदल झाली. तो माझ्या मुलखात राहायला गेला, मी त्याच्या घरात. मला मात्र कोणी कागदपत्रं मागितली नाहीत, की 'इथे किती दिवस राहणार?' असं विचारलं नाही. ते प्रश्न त्याच्या वाट्याला आले.

घर म्हणजे मागे दोन खोल्या आणि पुढे शिवणकामाचं दुकान. दादाचे वडील शिंपी. गल्ली त्यांना मास्तर म्हणते. मास्तरांच्या कपडे बेतायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या पोत्याशेजारी माझी जागा. तिथून मला टेबलावरची कात्री ऐकू यायची, मशीनची पायाने चालवायची पायटी दिसायची आणि मशीनवर टेकवून ठेवलेल्या फोनमधून दादाचा आवाज यायचा. दर रविवारी सगळं घर त्या फोनभोवती गोळा व्हायचं. माणसं मी पायांवरून ओळखतो, त्यामुळे दादा माझ्यासाठी दोन वर्षांतून पंधरा दिवसच खरा असायचा. एरवी तो नुसता आवाज होता.

आता बॅग मोजायची त्या घरची पद्धत सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. बॅग थेट माझ्यावर ठेवली तर ती माझी खिडकी झाकून टाकते, आकडा दिसत नाही. म्हणून एकाने बॅग उचलून माझ्यावर उभं राहायचं. दुसऱ्याने वाकून आकडा वाचायचा. मग बॅग खाली ठेवून माणसाने एकट्याने उभं राहायचं. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की उरते ती बॅग. बॅग उचलण्याचा मान कायम मास्तरांचा. "पोराची बॅग बापाने उचलायची," असा त्यांचा हट्ट, आणि दादा वाकून वाचणार, कारण आकडे हे त्याचं काम.

पहिल्या वर्षी मास्तर एकटे बाहत्तर भरले. पुढच्या खेपेला सत्तर. त्याच्या पुढच्या खेपेला अडुसष्ट. मास्तर ते आकडे मापांच्या वहीत एका पानावर लिहून ठेवत. बाकीच्या पानांवर गल्लीतल्या लोकांच्या छात्या आणि कंबरा. दादाने तिन्ही वेळा आकडा वाचला, तिन्ही वेळा वजाबाकी केली आणि तिन्ही वेळा फक्त बॅग लक्षात ठेवली. मास्तर म्हणजे वजा करून टाकायचा आकडा. कोणी मुद्दाम केलं नाही हो. पद्धतच तशी होती.

दादा तिकडे गेल्याने या घराचं काय झालं, हे मी कमी लेखणार नाही. छप्पर गळायचं थांबलं, धाकटी शिकली, आता शाळेत शिकवते. आईच्या गुडघ्यांवर इलाज झाले, ती पुन्हा जिना चढू लागली. आणि दादाचाही माणूस झाला. पण जे मिळतं ते फोनमध्ये दाखवता येतं, आणि जे जातं ते हळूहळू जातं, बोटभर, बोटभर.

मी आल्यापासूनच्या चौथ्या खेपेच्या आधीचं ते वर्ष. रोज सकाळी आई दूध आणायला बाहेर पडली की मास्तर मला टेबलाखालून ओढायचे. अनवाणी उभे राहायचे. सहासष्ट. पंधरा दिवसांनी पासष्ट. मग त्रेसष्ट. मग खाली उतरायचे. मला परत सरकवायचे आणि मशीनवर बसून स्वतःचे सदरे उसवायचे. दोन किलो गेले की बाजूच्या शिवणीतून बोटभर कापड आत. कॉलर कापून लहान. विजारीला आतून चुणी. दुसऱ्या कोणाचं अंग असं आटलं असतं तर कपडे अंगावर लोंबले असते आणि दाराशी आलेल्या पोस्टमननेही विचारलं असतं. मास्तरांचे कपडे त्यांना बसत होते ते थेट नवरदेवासारखे. हातात कला असली की माणूस स्वतःलाही बेतून टाकतो.

ते आजारी होते. जेवण खाली उतरत नव्हतं, पोटात दुखायचं, ते कळ दाबायचे. एकदा माझ्यावर उभे असताना ते स्वतःशीच पुटपुटले, "आत्ता कुठे पोराचं बस्तान बसतंय." बसलेल्या बस्तानाबद्दल असं का बोलावं, हे मला तेव्हा कळलं नाही.

शेवटी आईला संशय आलाच. दादा यायला महिना राहिला होता. ती म्हणाली की तुमचे गाल बसलेत. मास्तर म्हणाले, दाढा काढल्यावर गाल बसणार नाहीत तर काय उभे राहणार? आई बधली नाही. तिने मला ओढून मधोमध ठेवलं आणि म्हणाली, "चढा."

मास्तर 'आलो' म्हणून मागच्या खोलीत गेले. परत आले ते अंगाभोवती चादर घट्ट लपेटून. थंडी वाजतेय म्हणे. माझ्यावर त्यांचे पाय पडले आणि मी चरकलो. पाय एकसष्ट किलोच्या माणसाचे होते, पण वजन तेवढं नव्हतं. चादरीच्या आत, पाठीमागे धरलेल्या दोन्ही हातांत, मास्तरांची जुनी कोळशाची इस्त्री होती. लोखंडाची, धूड अशी. विजेची आल्यापासून ती माळ्यावर पडून होती.

आईने वाकून वाचलं. "अडुसष्ट," ती म्हणाली आणि तिचा आवाज सैल झाला. "मागच्या वेळेइतकंच आहे की. मी उगाच घाबरले."

"बायकांना घाबरायला काय लागतं," मास्तर म्हणाले आणि जमेल तेवढं ताठ चालत मागे गेले.

मी अडुसष्ट दाखवले. खोटं नव्हतं. माझ्यावर अडुसष्टच किलो होते. एकसष्ट किलोंचा माणूस आणि सात किलोंची इस्त्री. पण मी फक्त बेरीज सांगितली, कारण मला तेवढंच शिकवलं होतं. न्यायाधीशासमोर उभं केलं तर मी सुटेन. स्वतःपुढे उभा राहतो तेव्हा सुटत नाही.

दादा आला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाबा, बारीक दिसताय." हे बघा, त्याचे डोळे शाबूत होते. त्याला दिसलं होतं. पण आईने लगेच सांगितलं की परवाच काट्यावर मोजलंय, अडुसष्ट भरले, एक ग्रॅम कमी नाही. आकड्यांवर जगणारा तो माणूस. आकडा ऐकला आणि डोळ्यांनी पाहिलेलं पुसून टाकलं. माझ्या नावावर त्याने स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं. अभिमान वाटावा अशी गोष्ट, नाही का?

पंधरा दिवस भुर्रकन गेले. निघायच्या दुपारी दुकानात बॅग उघडी पडली होती आणि बहीणभावाची नेहमीप्रमाणे जुंपली होती. धाकटीचं म्हणणं असं, की दादाचं बरं आहे, दोन वर्षांनी पाहुण्यासारखं यायचं आणि लाडका होऊन जायचं. जी रोज घरात असते तिने रोज बोलणी खायची. दादाने तिला सांगितलं की चल मग, बदली करू, तू ये तिकडे आणि महिनाभर घराबाहेर एकही ओळखीचं माणूस न भेटता राहून दाखव. धाकटी म्हणाली, महिनाभर कोणी भेटलं नाही तर मी तुला हार घालीन, मला तेवढंच पाहिजे. वहिनी, दादाची बायको, कामामुळे तिकडेच राहिली होती, ती फोनवरून हसली. म्हणाली की संध्याकाळी बाहेर पडताना 'कुठे निघालीस?' असं विचारणारं तिकडे कोणी नाही, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं सुख. आणि तापाने फणफणल्यावर 'काय होतंय?' असं विचारणारं शेजारपाजारचंही कोणी नाही, हे त्याच सुखासोबत आलेलं.

दादा मग थोडा गंभीर झाला. इथल्या पहिल्या नोकरीत त्याने साहेबाला 'तुमचा आकडा चुकलाय' म्हटलं होतं, तर सहा महिने त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं. तिकडे तेच वाक्य बोलल्याबद्दल साहेबाने सगळ्यांसमोर त्याचे आभार मानले. "तिकडे मी कामाचा आहे गं," तो म्हणाला, "फक्त कुणाचा नाही."

"मग कामाचा माणूस, ती रजई जरा नीट घडी कर," धाकटी म्हणाली, आणि सगळे हसले. मास्तरही. ती रजई त्यांनीच वर्षभर उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवली होती, आणि दादासाठी एक जाड गरम कोट. तिकडच्या थंडीसाठी. स्वतःचे सदरे आत घेऊन झाले की ते कोटावर बसायचे. एका हाताने स्वतःला कमी करत होते आणि दुसऱ्या हाताने पोराला ऊब जोडत होते, आणि याला त्याग म्हणून कोणी टाळ्या वाजवू नयेत, कारण त्या दिवशी त्या त्यागाने काय केलं ते ऐका.

गाडी दाराशी येऊन उभी होती. रजई आणि कोट अजून बाहेरच होते, जागा आहे की नाही ते बघायचं होतं. मास्तरांनी बॅग उचलली आणि माझ्यावर उभे राहिले. दादाने वाकून वाचलं. चौऱ्याऐंशी. "आता एकटे," तो म्हणाला.

"कशाला?" मास्तर म्हणाले. "अडुसष्ट. लिही."

"हो, अडुसष्टच," आई आतून म्हणाली. "मी वाचलंय ना."

चौऱ्याऐंशी वजा अडुसष्ट, सोळा. तेवीस किलो न्यायची परवानगी. दादा खूश झाला. अजून सात किलो जागा आहे! रजई गेली, कोट गेला, आईचे आणखी दोन डबे गेले. मास्तर बघत होते. कापडाच्या एका इंचाचा हिशोब ज्याला झोपेतही चुकत नाही, त्याला काय कळलं नसेल? त्यांनी तोंड उघडलं, मला खालून त्यांची हनुवटी हललेली दिसली. मग मिटलं. बॅग पुन्हा उचलली आणि माझ्यावर चढले.

तिचं खरं वजन आता तीस किलो होतं. एकसष्ट किलोचा आजारी माणूस ती छातीशी धरून उभा होता. त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या, टाचा माझ्या रबरात रुतल्या होत्या, आणि माझा काटा एका जागी ठरेना.

"हलू नका ना बाबा," दादा वाकून म्हणाला. "आकडा वाचता येत नाहीये."

मास्तरांनी श्वास धरला. एक्क्याण्णव. वजा अडुसष्ट, तेवीस. "बरोबर तेवीस!" दादाने टाळी दिली. मी ओरडायला हवं होतं. स्प्रिंग तुटेल इतकं ओरडायला हवं होतं. मी गप्प राहिलो, आणि सगळे गाडीकडे गेले.

दोन तासांनी फोन वाजला. विमानतळावरून दादा. त्यांच्या काट्यावर बॅग तीस भरली होती. रांगेतल्या माणसांचे उसासे ऐकत त्याला ती जमिनीवर उघडावी लागली, आणि सोबत गेलेल्या धाकटीच्या हातात रजई, कोट, डबे परत द्यावे लागले. ज्या अपमानासाठी मला आणलं होतं, तोच पुन्हा झाला होता. तो चिडून म्हणाला, "मी लोकांचे काटे तपासतो, आणि माझ्याच घरचा काटा सात किलोंनी चुकतो. भंगारात द्या तो आजच."

मास्तर म्हणाले, "असेल बिघडलेला."

मला लागलं. पण त्यांचा आवाज ऐकलात तर तुम्हीही त्यांना माफ केलं असतं. मी केलं. धाकटीने परत आणलेला कोट त्यांनी खुंटीला टांगला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला तेव्हा आई मला घेऊन निघाली होती. मास्तरांनी तिच्या हातातून मला काढून घेतलं. "राहू दे," म्हणाले, "त्याचा काय दोष." आई म्हणाली की तुम्हाला पोरापेक्षा लोखंडाचं प्रेम जास्त.

तीन आठवडे मी चिंध्यांच्या पोत्याखाली पडून होतो. मग एका रविवारी सकाळी दादाचा फोन आला, तो धाकटीसाठी. तिकडे कारखान्यात त्याने नव्या पोरांना पहिला धडा दिला होता, जो तो नेहमी देतो: काट्याला खोटं म्हणायच्या आधी त्याच्यावर माहीत असलेलं वजन ठेवून बघा. बोलता बोलता त्याला मी आठवलो. मला त्याने तपासल्याशिवाय शिक्षा दिली होती. काट्यांच्या डॉक्टराला हे शोभत नाही, असं त्याला टोचत राहिलं.

धाकटीने मला बाहेर काढून फोनसमोर ठेवलं. दादाने सांगितलं, लिटरच्या बाटल्या पाण्याने काठोकाठ भर, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दहा बाटल्या एका पिशवीत माझ्यावर आल्या. "दहावर," धाकटीने वाचलं. आणखी दहा. "वीस." दादा म्हणाला की खाली बरोबर असतो पण वरच्या आकड्यांना चुकतो कधी कधी, तू उभी राहा. तिचं वजन आदल्याच आठवड्यात शाळेतल्या तपासणीत बावन्न भरलं होतं. ती उभी राहिली. बावन्न. वीस बाटल्या उचलून उभी राहिली. बाहत्तर. माझा काटा रेघेवर असा बसला होता की त्या कारखान्यातल्या बाईने पुन्हा थाप मारली असती.

"दादा, हा तर एकदम बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "तूच बेरीज चुकलास. काट्यांचा डॉक्टर म्हणे."

फोनमधून उत्तर आलं नाही. धाकटीला वाटलं की लाइन गेली. ती हॅलो हॅलो करत राहिली. लाइन गेली नव्हती. तो वजाबाकी करत होता, उलट्या बाजूने. काटा बरोबर, विमानतळाचा काटाही बरोबर. मग चुकीचा आकडा एकच उरत होता.

"बाबा कुठे आहेत?"

मास्तर मशीनवर होते. पायटी थांबली.

"बाबांना काट्यावर उभं कर," दादा म्हणाला.

मास्तर म्हणाले की हातातलं काम होऊ दे, गिऱ्हाईक यायचंय. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मास्तर उठले. या वेळी चादर नव्हती. ते आले आणि माझ्यावर उभे राहिले, हात बाजूला सोडून, माप देणाऱ्या गिऱ्हाइकासारखे. मी माझा आकडा दाखवला. धाकटीने दोनदा वाचला, मग मोठ्याने.

"एकोणसाठ."

आईने दाराची चौकट धरली. ती म्हणत राहिली की मी वाचलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं.

मास्तर खाली उतरले, मागच्या खोलीत गेले आणि ती इस्त्री घेऊन आले. त्यांनी ती माझ्यावर ठेवली. काटा सातावर गेला. फोनच्या पलीकडे दादाने ते पाहिलं.

तो म्हणाला, "का, बाबा?"

"तू सगळं टाकून आला असतास. नुकती नवी नोकरी लागलेली."

"नवी? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे. चार महिने दर रविवारी तू एकच निळा सदरा घालून फोनसमोर बसायचास. वरून दुसरं बटण तुटलेलं. कामावर जाणारा माणूस चार महिने बटण तुटलेला सदरा घालतो होय रे? घरातच बसलेला होतास तू."

दादाची नोकरी गेली होती. चार महिने. त्याने इकडे कुणाला कळू दिलं नव्हतं. आणि बापाने ते बटणावरून ओळखून, त्याच्या लाजेवर पांघरूण घालून, त्याच पांघरुणाखाली स्वतःचं दुखणं लपवलं होतं. दोघांनी एकमेकांवर प्रेम केलं ते असं, शिवणी आतून घेऊन. आणि मला विचाराल तर मला या प्रेमाचा संताप येतो. काळजी वाटू नये म्हणून खोटं बोलणाऱ्या सगळ्या आईबापांचा आणि सगळ्या पोरांचा. अंतर समुद्राचं असतं, ते विमानाने कापता येतं. हे दुसरं अंतर तुम्ही स्वतः शिवता. आणि नुसतं परदेशाला नावं ठेवू नका. धाकटी तर त्याच घरात जेवत होती, रोज मास्तरांच्या शेजारी. तिलाही दिसलं नाही. ती त्या दिवशी बाटल्यांतलं पाणी मोरीत ओतत होती आणि तिचे हात थांबत नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. जठरात गाठ होती. त्या म्हणाल्या, अजून काढता येईल, पण तीन-चार महिने आधी यायला हवं होतं, तेव्हा ती लहान असती. हे वाक्य त्या घरात आजही कोणी उच्चारत नाही आणि कोणी विसरत नाही. त्या तीन-चार महिन्यांत माझा एक अडुसष्ट आहे. तो मला कोणी वजा करून देऊ शकत नाही.

दादा पाचव्या दिवशी आला. दोन महिने राहिला. शस्त्रक्रिया झाली. मास्तर चोपन्नपर्यंत उतरले आणि तिथे थांबले. मग चढायला लागले, अर्धा अर्धा किलो. दादाने रोज मला त्यांच्या खाटेजवळ आणायचं, रोज वाकून वाचायचं, आणि काही वजा करायचं नाही. कायमचं परत यावं का, यावर पुष्कळ बोलणं झालं. धाकटी म्हणाली, ये. वहिनीने स्वच्छ सांगितलं की तू हवं तर जा, मी इथलं काम सोडणार नाही, आणि तिला वाईट ठरवू नका, ती खरं बोलली. मास्तर म्हणाले, "तू इथे होतास ते पंधरा दिवस तरी कुठे बघितलंस मला? बघितलंस ते तिकडूनच." याचं उत्तर मला सापडलेलं नाही. बरं-वाईट दोन्ही मी तोलून बघितलं, पण मला एकच पाटी आहे.

आज मी जुना झालोय. रबराची कड उचकटलीये, काचेला तडा गेलाय. पण मला परत टेबलाखाली ढकललेलं नाही, दुकानात भिंतीपाशी उघड्यावर जागा मिळालीये, आणि दर रविवारी फोनसमोर मास्तर माझ्यावर उभे राहतात. आई आधी त्यांचे खिसे चाचपते, मग पाठीमागे जाऊन हात रिकामे आहेत का ते बघते. मास्तर म्हणतात, विमानतळावरसुद्धा इतकी झडती घेत नाहीत.

आणि तुमच्या घरात माझा कोणी भाऊबंद असेल, तुमचंही कोणी येणार-जाणार असेल, तर माझी एवढी विनवणी ऐका. बॅग खुशाल मोजा. पण बॅग उचलणाऱ्याचा आकडा वजा करायच्या आधी एकदा नीट वाचा. मोठ्याने वाचा. आम्हाला तोंड नाही, तुम्हाला आहे.

पुन्हा सुट्टीवर आलेला दादा आज दुपारी परत निघाला. बॅगेत रजई होती आणि तो कोटही. मास्तर उठून बॅगेकडे वळले, तसा दादाने त्यांचा हात धरला. "आज मी उचलतो," तो म्हणाला. "तुम्ही वाचा."

मास्तर आधी एकटे उभे राहिले. सत्तावन्न. मग खाली उतरून, गुडघ्यावर हात टेकत, चष्मा सावरत ते माझ्यासमोर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दादाचे पाय माझ्यावर आले, बॅगेसकट. मास्तर खिडकीत डोकावले. काटा ठरेना.

"हलू नकोस रे," मास्तर म्हणाले. "आकडा वाचता येत नाहीये."

"मी हलत नाहीये, बाबा," दादा म्हणाला.

काटा थरथरत होता. मास्तरांनी घाई केली नाही. तो थांबेपर्यंत ते तसेच बसून राहिले.